दोन बोटांची फट

गेल्या शरदात, कचऱ्याची गाडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी, एडिसनमधील आमच्या गल्लीच्या वळणावर कोणा शेजाऱ्याने एक क्रिब बाहेर काढून ठेवलेला दिसला. मेपलच्या लाकडाचा, वरचे पॉलिश अद्याप तकतकीत, परंतु दोन्ही बाजूंच्या गजांवरून मधोमध करवत फिरविलेली, आणि त्या ताज्या भुशाचा गोडसर वास ओल्या हवेत रस्त्याच्या पलीकडपर्यंत येत होता. माझ्यासमवेत फिरावयास निघालेल्या विहीणबाई, ज्या नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या, तिथेच थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, पाळणा का कुणी करवतीनं कापतं?" मी त्यांना सांगितले, की हा कापणारा मनुष्य निर्दय नसून कायदा जाणणारा आहे, पहाटे एखादा गरजू बाप तो क्रिब उचलून नेईल आणि आपले मूल त्यात निजवील, एवढे टाळण्यासाठीच त्याने हे केले. त्यांना ते पटले नाही. मला पटावयासही बरीच वर्षे लागली होती.

कारण ज्या संस्कारांत आमची पिढी वाढली त्यांत पाळण्याचे मोल त्याच्या वयावरून ठरे. राजापूरला आमच्या माजघरातील तुळईला फणसाच्या लाकडाचा जो पाळणा टांगलेला असे, त्यात माझे आजोबा, वडील, काका आणि आम्ही सारी भावंडे निजलेली. बारशाला वरवंट्यास टोपडे घालून बायका तो त्याच पाळण्याच्या खालून-वरून फिरवीत, आणि आळीत कोणाकडे मूल झाले की तो सन्मानाने तिकडे जाऊन परत येई. जितकी मुले त्यात वाढली तितका तो शुभ मानला जाई. जी वाढली नाहीत, त्यांचा हिशेब पाळण्याच्या नावे कोणी मांडीत नसे.

या साऱ्यांतून एकच चित्र हट्टाने पुढे येत राहते. दिवेलागणीला, बाळाला पाळण्यात घालण्यापूर्वी, माझी आजी त्या रिकाम्या पाळण्याच्या दोन्ही दांड्या धरून आपल्या देहाचा सगळा भार त्यावर टाकी, पाय जमिनीपासून किंचित उचली, आणि कड्यांचा आवाज ऐके. रिकामा पाळणा हलवू नये म्हणून आम्हां मुलांना दटावणारी तीच. मी एकदा तसे म्हटलेही. "मी हलवीत नाही गो," ती म्हणाली, "जोखत्ये." एकदा एका कडीचा आवाज तिला पसंत पडला नाही, त्या रात्री बाळ जमिनीवर निजले आणि सकाळी लोहार आला.

न्यू जर्सीत घरगुती पाळणाघराच्या नोंदणीत पाच मुलांपर्यंत सांभाळण्याची मुभा असते, आणि मी आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर तो व्यवसाय सुरू केला तेव्हा, मुले सांभाळण्यात आपल्याला कोण काय शिकविणार, असा एक मराठी अहंकार माझ्याजवळ पुरेपूर होता. तपासणीस येणारी बाई पट्टी घेऊन आली. दोन गजांमधील अंतर 2⅜ इंचांहून, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये, कारण बाळाचे धड ज्या फटीतून निसटते तीतून डोके निसटत नाही. कोपऱ्याचे खांब वर आलेले नसावेत, कारण अंगरख्याचा गळा त्यांत अडकतो. आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतकी फट राहिली तर ती गादी त्या क्रिबची नव्हे. प्रत्येक नियमाच्या मागे कोठेतरी एक मूल गेलेले आहे, हे तिने सांगितले नाही. परंतु ती ज्या रीतीने मोजत होती त्यावरून ते कळत होते. तेव्हापासून मला एक खोडच जडली. शिवनेरीवर शिवजन्माच्या स्थानी ठेवलेल्या पाळण्यासमोर सारे हात जोडून उभे असताना माझी नजर त्याच्या गजांमधील अंतरावर गेली, आणि सुनेने मला कोपराने ढोसले.

खरी लढाई मात्र लाकडाशी नव्हती, कापडाशी होती. आमच्याकडे येणाऱ्या तान्ह्यांत मराठी मुले पुष्कळ, आणि मुलाबरोबर येणारी आजी आपल्या पिशवीतून एकेक वस्तू काढी: डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी, बंद असलेली कुंची, जुन्या नऊवारीची मऊ गोधडी, मनगटाला काळ्या मण्यांची दोरी. क्रिबमध्ये यांपैकी काहीही ठेवता येत नाही. ताणून बसविलेली एक चादर आणि उताणे निजविलेले मूल, याखेरीज तिथे काही असावयाचे नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांना पाठीवर किंवा कुशीवर निजविण्याचा उपदेश 1992 साली केला, 1994 पासून त्याचा देशभर प्रचार झाला, आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या तान्ह्यांचे प्रमाण पुढे निम्म्याहूनही खाली आले. हे मी त्या आज्यांना सांगे. त्या ऐकून घेत आणि जाताना, "उघडंच ठेवणार का हो त्याला?" असे विचारीत. त्या प्रश्नाला माझ्यापाशी कधीच उत्तर नव्हते; मी इतकेच करी, की मूल जागे असले म्हणजे ती गोधडी जमिनीवर अंथरून त्याला माझ्या डोळ्यांदेखत तीवर पालथे घाली, आणि संध्याकाळी आजीला ती चुरगळलेली दाखवी.

येथे शिकागोची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, जरी या गोधडीपाशी ती विशोभित दिसते. 1998 सालच्या मे महिन्यात तेथील एका घरगुती पाळणाघरात, विद्यापीठातील प्राध्यापक दांपत्याचा डॅनी नावाचा मुलगा, दीड वर्षाचाही झाला नव्हता, घडीच्या क्रिबचे कठडे इंग्रजी 'व्ही'सारखे मिटून त्यांत मान सापडल्याने गेला. त्या क्रिबचा धोका पाच वर्षांपूर्वीच जाहीर होऊन तो परत मागविण्यात आलेला होता. ते फर्मान त्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. 2008 साली झालेल्या कायद्याच्या एका कलमाला त्या मुलाचे नाव आहे, आणि त्या कलमातूनच 28 जून 2011 पासून अमलात आलेले नवे नियम निघाले. पाळणाघरांना व हॉटेलांना 28 डिसेंबर 2012 पर्यंतची मुदत मिळाली. त्यानंतर नियमांत न बसणारा क्रिब घरात ठेवणे आम्हांस शक्य नव्हते, आणि तो कोणास दानही करू नये, मोडून टाकावा, अशी ताकीद होती. माझ्या दप्तरात त्या नव्या क्रिबांचे दाखले, उत्पादनाच्या तारखेसह, अजून आहेत. तो कागद जीर्ण झाला तरी चालेल, क्रिब मात्र नवा हवा, असा उलटा न्याय. आजीचा कान आणि हा कागद यांत अधिक विश्वास कशावर ठेवावा, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही. शिकागोच्या त्या घरात आजी असती तरी घडीच्या बिजागरीने तिला कोणता आवाज ऐकवला असता?

एवढे असूनही त्या नियमांविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती सोडण्याची माझी इच्छा नाही. कठड्याची एक बाजू खाली सरकणारे क्रिब त्यांनी सर्वस्वी बंद केले. 2000 सालापासून दहा वर्षांत किमान 32 मुले त्या सरकत्या कठड्यांमुळे गेली, हे मला ठाऊक आहे, आणि त्यापुढे माझ्या कमरेला बोलण्याचा अधिकार नाही, हेही. परंतु हे नियम करणाऱ्या समितीत पाच फुटांहून कमी उंचीची एकही बाई नसावी, असा माझा दृढ ग्रह आहे. अचल कठड्यावरून ओणवे होऊन झोपलेल्या मुलाला, त्याची झोप न मोडता, अगदी खालच्या गादीवर ठेवणे ही कसरत मी पायाखाली ठोकळा घेऊन करीत असे, आणि पाळणाघरात रांगणाऱ्या मुलांमध्ये तो ठोकळा हाच एक नवा धोका होता. त्याविषयी कोणत्याही पुस्तिकेत चकार शब्द नाही.

पाळणाघर आता बंद आहे. यंदाच्या हिवाळ्यात यजमानांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, आणि भाड्याचा पलंग घरी आला, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. प्रौढांच्या सुट्या कठड्यांसाठीही येथे 2023 साली सक्तीचे नियम झाले, आणि रुग्णालयांतील पलंगांच्या फटी 120 मिलिमीटरच्या आत असाव्यात, अशी सूचना औषध-प्रशासनाने 2006 सालीच केली होती. कारण क्षीण झालेले म्हातारे माणूसही त्याच रीतीने सरकते आणि त्याच रीतीने अडकते. कंपनीचा मुलगा पलंग लावून सही मागू लागला, तेव्हा मी दोन्ही हातांनी कठडा धरून त्यावर भार टाकला. तो गादीपासून चांगला चार बोटे दूर गेला.

"अगं, मी काय तान्हा आहे?" यजमान खुर्चीतून म्हणाले.

"अहो, तान्ह्याला निदान उठून बसता येत नाही हे सर्वांना ठाऊक असतं," मी म्हटले, आणि त्या मुलाला सांगितले, की ही गादी या पलंगाची नव्हे. दुसरी आणावी, आणि येताना कठड्याच्या उत्पादनाच्या तारखेचा कागदही आणावा. असला कागद आजवर कोणी मागितला नाही, असे तो म्हणाला. मी सही केली नाही.