सोलापूरहून अपिलाच्या तारखेला

आमच्या वस्तीतल्या एका आक्कांच्या मुलाला सोलापूरच्या सत्र न्यायालयात खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. आक्का विड्या वळतात. मी कारकून माणूस, वकील नव्हे. पण कागद वाचता येतो म्हणून वस्ती मलाच पुढे करते. दिवाळीनंतर एका रात्री अकराच्या एस.टी.ने आम्ही दोघे कोल्हापूरला निघालो.

पूर्वी अशा कामाला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे. चारशेच्या वर किलोमीटर प्रवास, वर मुक्कामाचा खर्च, आणि तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. सोलापूरसह सहा जिल्ह्यांची अपिले आता तिथे चालतात.

मिरज मागे पडल्यावर आक्कांनी विचारले, "भाऊ, आता साक्षीदारांना परत बोलावतील ना? त्या दुकानवाल्याला मी तोंडावर विचारते."

वाचकहो, आपल्या लोकांचा घोटाळा इथेच होतो. अपील म्हणजे खटला पहिल्यापासून चालवणे नव्हे. साक्षीदार सहसा पुन्हा येत नाही. येतात ते त्याच्या जबाबाचे कागद. जन्मठेपेचे अपील दोन न्यायमूर्ती ऐकतात. खालच्या कोर्टाने पुरावा नीट तोलला का, हे ते त्या कागदांवरून पाहतात. शिक्षा कायम होते, माणूस निर्दोष सुटतो, किंवा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरून शिक्षा कमी होते. फेरखटल्याचा हुकूम क्वचितच. दोघांचे मत जुळले नाही तर प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाते. आरोपीने एकट्याने अपील केले म्हणून शिक्षा वाढत नाही. ही भीती घालून अपील करू न देणारे शहाणे आमच्याही वस्तीत आहेत.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साधारण साठ दिवस. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते. वकील परवडत नसेल तर तुरुंगातूनच अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते आणि विधी सेवा प्राधिकरण वकील देते. आक्कांना हे कुणीच सांगितले नव्हते. त्यांनी मंगळसूत्र आधीच गहाण टाकले होते.

अपिलाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षे जन्मठेप केली, आणि अ‍ॅट्रॉसिटी तिथेही लागली नाही. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही, हे तेव्हा घरोघरी कळले. आरोपी सुटला तर पीडित कुटुंबाला स्वतः अपील करण्याचा हक्क मात्र ३१ डिसेंबर २००९ पासून आहे.

सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात आम्ही दहाला पोहोचलो. आमचा पुकारा दुपारी झाला. काम चार मिनिटांत संपले. अपील आधीच दाखल करून घेतलेले. आज अर्ज होता तो निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित ठेवून जामीन द्यावा, एवढाच. सरकारी वकिलांनी लेखी म्हणणे द्यायला वेळ मागितला. जन्मठेपेत तशी संधी त्यांना द्यावीच लागते. दोन आठवड्यांनंतरची तारीख पडली.

परतीला हातकणंगले आले. इथून जवळच माणगाव. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढे आणले. मी सांगत होतो, आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मंगळवेढ्यात अंधार पडला. गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा मजुरांसह गेले ते याच गावी. त्या मजुरांची कुठली फिर्याद आणि कुठले अपील!

सोलापूर स्टँडवर उतरल्यावर आक्का म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या खेपेला भाकरी घरनंच घेऊ. आज तुमचे दीडशे गेले." मग पिशवीतली निकालाची प्रत काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "त्या दुकानवाल्याचा जबाब कुठल्या पानावर आहे, तेवढं खूण करून द्या."