फोटो चांगला आला, पण पान ओळखू येईना



एरवी इथं पाणी, खत, छाटणी आणि बाजार एवढंच लिहितो. आज जरा वेगळं. सांगोल्याच्या बाजूला माझी साडेतीन एकर भगव्या डाळिंबाची बाग आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण बागेबरोबर मला दोन खोडी पण जडलेल्या आहेत. एक कॅमेऱ्याची, दुसरी कॉम्प्युटरवर डिझाइन करत बसायची. दोन्हीचं उत्पन्न विचाराल तर शून्य. कुणाचं लेबल, कुणाची लग्नपत्रिका करून दिली तर चहा होतो, एकदा गावरान कोंबडा मिळाला होता.

कॅमेरा जुनाच घेतलेला आहे. त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स उलटी बसवायची एक कडी मिळते, काही शे रुपयांत. लेन्स उलटी लावली की ती भिंगासारखं काम करते आणि मोहरीएवढा किडा पडदाभर दिसतो. भानगड एवढीच की किड्याच्या इतकं जवळ जावं लागतं की आपली सावली त्याच्यावर पडते, आणि फोकस मिळतो तो जेमतेम मिलिमीटरभर. फुलकिड्याचं डोकं स्पष्ट आलं तर शेपूट धुरकट. वाऱ्यानं पान हललं की संपलं. म्हणून खिशात कपडे वाळत घालायचे दोन चिमटे ठेवतो. फांदी एका काठीला चिमट्यात धरायची आणि श्वास रोखून बटण दाबायचं. पहाटे दव असताना किडे सुस्त असतात, तीच वेळ. पण ठिबक बघायची वेळ पण तीच असते. मग बांधावरून आवाज येतो, "अहो, त्या किड्याचं बारसं झालं असलं तर तेवढा व्हॉल्व्ह फिरवा." फिरवतो.

क्रायसोपाची अंडी पानावर बारीक दांड्यांवर उभी असतात, ती कधी डोळ्याजवळ नेऊन बघा. पांढऱ्या केसाच्या टोकाला ठेवलेला राळ्याचा दाणा जणू. असा फोटो आला की दिवसभर काम हलकं जातं. हा झाला शौकाचा फोटो. तो कसा पण काढावा, त्याला कुणी विचारत नाही.

पण शेतात दुसरा एक फोटो असतो, ज्याच्यावर कुणीतरी हजारो रुपयांचा निर्णय घेणार असतो. तो वेगळा. आज खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण हल्ली निम्मी शेती फोटोवर चालली आहे. पान दिसलं की फोटो, फोटो की व्हॉट्सॲप, आणि पलीकडून औषधाचं नाव.

मागच्या मृग बहारातली गोष्ट. आठ दिवस झड लागलेली, ऊन नाही. फळं लिंबाएवढी झालेली. शेजारच्या वस्तीवरचा पुतण्या संध्याकाळी आला. तोंड उतरलेलं. "अण्णा, तेल्या आलाय वो." म्हणलं, कुणी सांगितलं? तर एका दुकानात फोटो पाठवला होता, तिथून उत्तर आलं की तेल्या आहे, पसरलेला आहे, आता फवारणीत पैसे घालायचे तर घाला, नाहीतर बहार सोडून द्या. औषधांची यादी पण आलेली. पोरानं या बहाराला बायकोचं सोनं तारण ठेवलेलं. फळं झाडावरून उतरवायची की ठेवायची, हे त्याला रात्रीत ठरवायचं होतं.

मी फोटो मागितला. फळावर काळे ठिपके आणि त्या ठिपक्यांवर तेलकट चकाकी. बघणारा तेल्याच म्हणेल. पण चकाकी नीट बघितली तर प्रत्येक फळावर ती एकाच बाजूला, एकाच आकाराची. म्हणजे ती डागाची नव्हती. फोटो अंधार पडल्यावर फ्लॅश मारून काढलेला, फळ पावसानं ओलं, त्यात डाळिंबाची साल मुळात गुळगुळीत. फ्लॅशचा उजेड सालीवरून परत आला आणि मोबाइलनं तो तसाच टिपला. वर मोबाइल आपल्या मनानं फोटो चकचकीत करतो, ते वेगळंच. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला जे दाखवलं ते त्यानं वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघं प्लॉटात गेलो. ऊन नव्हतंच, म्हणून बॅटरी नेली. जाणकारांना हे माहीत आहे, नवीन पोरांसाठी सांगतो. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर त्याचा ताजा डाग पाणी भिनल्यासारखा असतो. पान उजेडाच्या आड धरलं की डागाच्या कडेनं उजेड आरपार येतो, कागदावर तेलाचा थेंब पडल्यावर येतो तसा. फळावर डाग वाढला की साल तडकते, भेगा पडतात. सर्कोस्पोरा ही बुरशी. तिचे पण काळे ठिपके असतात, पण सहसा तडकत नाहीत आणि त्यांना ती पाणथळ कड नसते. लांबून दोन्ही सारखेच. जिवाणूसाठीचं खास औषध बुरशीवर चालत नाही आणि बुरशीचं जिवाणूवर, त्यामुळं ओळख चुकली तर पैसे पाण्यात आणि रोग जागेवर.

पानामागं बॅटरी धरून मी फोटो काढत गेलो. फ्लॅश बंद. पहिल्या सतरा-अठरा झाडांवर एकाही डागातून उजेड आला नाही. पोराचा चेहरा जरा खुलला. मग आम्ही खालच्या कोपऱ्यात गेलो, जिथं ओढ्याचं पाणी तुंबतं. तिथं दोन झाडांची पानं बॅटरीसमोर धरली आणि डागांच्या कडा पिवळ्या काचेसारख्या उजळल्या. दोन फळं तडकायला लागलेली. पोरगा काही बोललाच नाही.

फोटो कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना पाठवले, प्लॉटाचा नकाशा हातानं काढून त्याच्यावर झाडांचे नंबर टाकून. त्यांनी नमुने पण मागवले. माझ्या मते हाच भरवशाचा माणूस. जो नुसत्या फोटोवर छातीठोक सांगतो त्याच्यापासून जरा जपून. तेल्याची पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. पानं कोरडी करून कागदात गुंडाळून नेऊन दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुजवली नाहीत. उत्तर आलं ते असं : बहुतेक बागेत बुरशीचे ठिपके, कोपऱ्यातल्या त्या दोन झाडांवर तेल्या. त्या झाडांची रोगट फळं-पानं काढून बागेबाहेर नेऊन जाळली, कात्री दर झाडाला निर्जंतुक केली, पाण्याला वाट काढून दिली, बाकी बागेला त्यांनी सांगितलेली फवारणी. बहार राहिला. डागी माल बराच निघाला, दर कमी लागला, पण सोनं सुटलं.

तेव्हापासून वस्तीवरची पोरं फोटो काढताना मला विचारतात. माझं सांगणं थोडकंच असतं. एका पानाचा फोटो पाठवू नका. आधी सगळा प्लॉट, मग पूर्ण झाड, मग फांदी, मग पान वरून आणि पान खालून. रोग कोपऱ्यात आहे, ओळीनं आहे का सगळीकडं आहे, हे पानावर लिहिलेलं नसतं. शेजारी रुपयाचं नाणं किंवा काडेपेटी ठेवा, म्हणजे डाग केवढा ते कळतं. सकाळी दव उतरल्यावर, सावलीच्या मोकळ्या उजेडात काढा. हिरव्या शेडनेटखाली काढू नका, सगळंच हिरवं येतं. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला की तो दाबला जाऊन बारीक डाग पुसट होतात.

रंगाचं तर विचारूच नका. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह लागत नाही, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. हा फरक ओळखायला पिवळा हा पिवळाच दिसला पाहिजे. पण आजकालच्या मोबाइलला झाड दिसलं की तो हिरवा रंग भडक करतो. आपल्याला दिसतंय पिवळं, फोटोत बाग हिरवीगार. लग्नातल्या फोटोला ते ठीक आहे. मी तर पानाशेजारी पांढरा कोरा कागद ठेवतो. फोटोत कागद निळसर किंवा पिवळसर आला, तर पानाच्या रंगावर पण विश्वास ठेवायचा नाही.

हेच रंगाचं भांडण रात्री डिझाइनला बसलो की परत निघतं. एका व्यापाऱ्यानं डाळिंबाच्या बॉक्ससाठी चित्र करून मागितलं होतं. फोटो माझ्याच बागेतला, दाणा भगव्याचा, लाल होताच. त्याला अजून लाल पाहिजे होता, कुंकवासारखा. म्हणलं, बॉक्स उघडल्यावर गिऱ्हाईक बॉक्सला शिव्या देणार नाही, मालाला देईल. त्यानं दुसरीकडून करून घेतलं. छपाईत त्या लालचं काय झालं ते मला माहीत नाही, पण पडद्यावरचा लाल आणि चार शाईत छापून आलेला लाल कधी एक नसतो, एवढं नक्की.

अक्षरांचा छळ वेगळा. फ्लेक्सच्या दुकानात जुने फॉन्ट असतात, तिथं आपला मजकूर उघडला की काही वेळा वेलांट्या फिरतात. "विष" लिहून पाठवलं होतं, तिथं पडद्यावर "वषि" झालं. आता मजकुराचं चित्र करूनच पाठवतो. मुक्त मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये एक टाइपचा मुक्ता मला आवडतो, लांबून वाचायला मोकळा आहे.

मित्रकिडींचा एक तक्ता मी केला होता, त्याचं सांगतो. लेडीबर्डचा भुंगा सगळे ओळखतात, पण तिची अळी काळी, काटेरी, मगरीसारखी दिसते. मावा खाणारी ती अळी लोक कीड म्हणून चिरडतात. तक्त्यावर तिचा फोटो तळहाताएवढा छापला. वस्तीवरच्या काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, "एवढी मोठी अळी मी जन्मात बघितली नाही बाबा." बरोबरच होतं. छापील तक्त्यांत सगळ्या किडी हातभर असतात आणि शेतात माणूस तेवढीच कीड शोधतो. म्हणून नवीन तक्त्यात प्रत्येक फोटोखाली तिच्या खऱ्या लांबीची एक काळी रेघ दिली. तेव्हापासून काकू रेघ बघून ओळखतात, फोटो नंतर बघतात.

आणि आता चाललंय ते काम फवारणीच्या पाट्यांचं. औषधाच्या बाटलीवर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. योजना चांगली आहे, न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणूनच आहे. पण हिरव्याचा घोटाळा होतो. शेतकऱ्याच्या डोळ्याला हिरवं म्हणजे सगळं बरं. हिरव्या त्रिकोणाचं औषध पण विषच आहे, कमी तीव्र एवढंच, हे किती मजुरांना कुणी सांगितलंय? आणि ती बाटली तर शेडमध्ये. खुरपायला आलेल्या बायकांना काल कुठल्या ओळीत काय मारलं ते कसं कळायचं? २०१७ साली यवतमाळकडं कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

म्हणून जुन्या तेलाच्या डब्यांचे पत्रे सरळ करून सहा पाट्या केल्या. लाल जमीन, त्याच्यावर पांढरा आडवा धरलेला हात. खाली दोन रकाने, फवारलं कधी आणि आत कधी जायचं. दुसरी तारीख औषधाच्या लेबलवर जो काळ दिला असेल तो मोजून खडूनं टाकायची. आधी कवटीचं चित्र घातलं होतं, पण पोरं तिच्याशी खेळायला लागली, म्हणून हात. हिरवा रंग पाटीवर कुठंच नाही. पाटी बागेच्या तोंडाशी टांगायची, आणि टांगायचं काम फवारणाऱ्यानंच करायचं, नळी गुंडाळायच्या आधी.

मागच्या आठवड्यात खुरपणीची टोळी आली, तेव्हा मी सांगोल्याला गेलो होतो. परत आलो तर सगळ्या बायका बांधावर लिंबाखाली बसलेल्या, भाकरी सोडलेली. मुकादमीण बाईंना अक्षर ओळख नाही. म्हणाल्या, "हात दाखवलाय नव्हं, म्हणून बसलो. हजरी मातुर पूर्ण लावा." लावली.

पाटीचं चित्र ज्याला पाहिजे त्यानं मागून घ्या, पैसे नाहीत. फक्त छापताना लाल रंग तपासून घ्या, दुकानात तो भगवा करून देतात.