गोळी चालू असताना चुकलेली पाळी

गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना एखाद्या महिन्यात पाळी आली नाही, की पहिली शंका येते ती दिवस राहिल्याची. शंका स्वाभाविक आहे, कारण पाळी चुकणं हीच गर्भधारणेची पहिली खूण मानली जाते. पण गोळी घेणाऱ्या बाईला हा ठोकताळा जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि पाकीट हातात देतानाच तिला हे सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. पहिल्या २१ गोळ्या बीजांड सुटू देत नाहीत आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरकांचा पुरवठा थांबतो, अस्तर गळतं आणि रक्तस्राव होतो. त्याला आपण पाळी म्हणत असलो, तरी तो गोळी थांबल्याचा परिणाम असतो. अस्तर फारच पातळ असलं तर नुसता डाग दिसतो, कधी तोही नाही. म्हणून ‘पाळी आली का?’ याआधी विचारायचा प्रश्न ‘गोळ्या वेळेवर घेतल्या का?’ हा आहे. अगदी नेमाने घेणाऱ्या हजार बायकांमध्ये वर्षभरात तिघींनाच दिवस जातात. विसराविसर धरली, तर हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास जातं. नवं पाकीट उशिरा सुरू करणं विशेष धोक्याचं. उलट्या-जुलाब, क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधं यांनीही गोळीचा परिणाम कमी होतो.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की दर महिन्याला रक्त गेलं नाही तर घाण अंगात साठते. पण जे अस्तर तयारच झालं नाही, ते साठणार कुठून? वर्षातून चारदाच स्राव होईल अशा गोळ्यांना अमेरिकेत २००३ मध्येच मान्यता मिळाली. गोळी न घेता महिनोन्‌महिने पाळी न येणं मात्र वेगळं. त्यात अस्तर जाड होत राहण्याची शक्यता असते, त्यामुळे तपासणी हवीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : असा दिलासा दिला, तर खरी गर्भधारणा नजरेतून निसटेल. ही भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर घबराट नसून तपासणी आहे. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा स्राव झाला नसेल, तर लघवीची तपासणी करावी. त्यासाठीचं ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मिळतं. उलट घाबरून पाकीट अर्धवट टाकून दिलं, तर संरक्षण जातं आणि ज्याची भीती होती तेच घडू शकतं. गर्भ असताना नकळत गोळ्या घेतल्या गेल्या, तरी त्यामुळे बाळात व्यंग येतं असा पुरावा नाही. त्यामुळे तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत गोळी सोडायचं कारण नाही.

डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना माझी कळकळीची विनंती आहे : पाकीट देताना दोन मिनिटं काढा आणि पाळी आली नाही तर काय करायचं, ते आधीच सांगा. आणि गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला सांगणं एवढंच : पाळी आली नाही तर गोळ्या मोजा, शंका असेल तर तपासणी करा, आणि पुढचं पाकीट वेळेवर सुरू करा.