आणखी एक घास

पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावरही त्याच्या पानात आणखी एक भाकरी पडली नाही, तर आम्हा खानदेशी माणसांना काही अधर्म घडल्यासारखे वाटते. दोंडाईच्यास माझ्या बहिणीच्या घरी हा धर्म फार निष्ठेने पाळतात. कळण्याची भाकरी साधी असेल, पण ठेचा आणि आग्रह हे दोन्ही तेथे सारखेच तिखट!

अशा घरातला माझा पंधरा वर्षांचा भाचा गेल्या वर्षी जेवीनासा झाला. दोन घासांतच त्याचे पोट भरे; मग मळमळ, मग कळ. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. सारे निर्दोष निघाले. यावर आनंद मानावा, तर आम्ही भलताच निष्कर्ष काढला : पोटात काही नाही, तेव्हा हे ढोंगच! “मामा, मी खोटं सांगत नाही,” असे तो मला म्हणाला, आणि मी हसून त्याच्या पानात बट्टी वाढली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढे एका समंजस डॉक्टरांनी आमचे कान उपटले. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि मेंदूशी त्यांचे अखंड दळणवळण चालते. हे दळणवळण बिघडले, की आतड्यांची साधी हालचालही वेदना म्हणून जाणवते. जखम दिसत नाही; वेदना मात्र खरी असते. २०१६ साली तज्ज्ञांनी अशा विकारांना ‘आतडे-मेंदू परस्परक्रियेचे विकार’ असे नावच दिले. तसे पाहता हे ज्ञान अगदी नवे नाही. चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्याला बेताने घेतलेले पथ्याचे अन्नही पचत नाही, हे चरकसंहितेने सांगूनच ठेवले आहे. बोमाँट या अमेरिकन शल्यवैद्यालाही, बंदुकीच्या जखमेने पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या माणसाच्या जठरात, रागाचे परिणाम प्रत्यक्ष दिसले होते. १८३३ साली त्याने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

आणि आम्ही काय करीत होतो? प्रत्येक जेवणाची परीक्षा मांडून चौघे परीक्षक ताटाभोवती बसत होतो! भीतीने पोट आवळे, आवळलेल्या पोटात अन्न दुखे, आणि दुखण्याने भीती वाढे.

डॉक्टरांनी सांगितलेले उपाय दिसावयास साधे होते. थोडे थोडे, पण ठरल्या वेळी खाणे. जेवणाआधी पोटाने संथ श्वास घेणे. शाळा न बुडविणे. भीतीने टाकलेले पदार्थ समुपदेशकाच्या मदतीने एकेक करून परत आणणे. आणि पानावर बसल्यावर पोटाविषयी चकार शब्द न काढणे. मात्र वजन उतरू लागले, वाढ खुंटली, शौचातून रक्त गेले, उलट्या थांबेनात किंवा कळीने झोपमोड होऊ लागली, तर पुन्हा तपासणी करावयाची, हेही त्यांनी बजावले. यातला सर्वांत अवघड उपाय शेवटचा, आणि तो रोग्यासाठी नव्हता, आमच्यासाठी होता.

परवा दोंडाईच्यास गेलो होतो. भाचा पूर्ण बरा झाला आहे, असे मी म्हणणार नाही. कळ अजून अधूनमधून येते. अर्धी भाकरी संपवून तो थांबला. बहिणीचा हात सवयीने टोपलीकडे गेला आणि वाटेतच थबकला. तिने तो पदराला पुसला आणि परीक्षेऐवजी क्रिकेटची गोष्ट काढली.

आग्रहाने वाढलेली भाकरी मी आयुष्यभर खात आलो आहे. न वाढलेल्या भाकरीतही तितकीच माया असते, हे मला त्या दिवशी दिसले.