सप्टेंबरचं नाव

चिक्कडपल्लीच्या शहर केंद्रीय ग्रंथालयाबाहेर चहा पिताना एक मुसलमान गृहस्थ भेटले. अस्सल मराठी बोलणारे, मूळचे धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे. १९४८ चा विषय निघताच म्हणाले, "आमच्या घरात सप्टेंबरचं नाव काढत नाहीत."

१७ सप्टेंबरला निजाम शरण आला, हे आपण गोंयकार १९ डिसेंबर १९६१ च्या चष्म्यातून बघतो. सैन्य आलं, मुक्ती झाली! पण तिथे आधी रझाकारांनी हिंदूंवर अत्याचार केले आणि नंतर सूड उगवला गेला तो साध्या मुसलमानांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार. सर्वात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडला. मशिदींची विटंबना, सक्तीची धर्मांतरं, सगळं अहवालात आहे. तो कित्येक दशकं दडवला गेला. (फाईल कशी झोपवतात ते मला, कारकुनाला विचारा!)

हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हेही त्यातच आहे. मला ती नोंद एखाद्या देवळाइतकी पवित्र वाटते.. असो.

आपला मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला का न्यावा लागला, हे आपण साडेचारशे वर्षं सांगत आलोय. आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेलही वाहतो. सांगितल्यामुळे तेल वाहायचं अडलं नाही. मग त्या गृहस्थांनाच सप्टेंबरची चोरी का?