तार, तरंग आणि दुसरा जामीनदार

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेच्या काठचे, उसाच्या पट्ट्यातील गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. अशा गावात व्यापारी कुटुंब नवी इमारत बांधू लागले की पूर्वी रस्त्याकडचे तोंड आणि गोदामाला ओल न लागण्याची तजवीज, एवढे पाहिले म्हणजे पुरे होई. आता वीज आणि पाणी यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊन बसला आहे. इंटरनेट कशाने आणायचे, जमिनीतून किंवा खांबावरून येणाऱ्या फायबरने, की गच्चीवर डिश बसवून हवेतून?

हा प्रश्न चैनीचा नाही, हे कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यास सांगावे लागत नाही. २०१८ पासून देशभर अनुदानित खताची विक्री ई-पॉस यंत्रावरूनच होते. शेतकऱ्याच्या बोटाचा ठसा जुळला, नोंद झाली, की मगच पोते दुकानाबाहेर पडते. कारण कंपनीला मिळणारे अनुदानही याच विक्रीच्या नोंदीवर अवलंबून असते. जून महिन्यात वाफसा आला आहे, दारात ट्रॅक्टर उभे आहेत, गोदामात युरियाची थप्पी लागली आहे आणि यंत्रावरचे चक्र नुसते फिरते आहे, हा अनुभव अनेक दुकानदारांच्या परिचयाचा आहे. त्या वेळी शेतकरी कंपनीला बोल लावत नाही. तो शेठजींकडे पाहतो. खताखेरीज वस्तू व सेवा कराचे विवरण आहे, माल हलवण्याआधीचे ई-वे बिल आहे आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइसही आले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रात्रंदिवस चालू झाले, त्यामुळे ‘बँक उघडल्यावर पाहू’ ही सबबही गेली. पूर्वी टेलिफोन बंद पडला तर गैरसोय होई. आज लाइन गेली तर दुकानच थांबते.

गावातील एका कुटुंबाने अशीच इमारत उभी केली. खाली दुकानाचे गाळे, त्यांत एक स्वतःच्या कृषी केंद्रासाठी. वर कार्यालये भाड्याने देण्यासाठी. वरच्या मजल्याकरिता एका पतसंस्थेशी बोलणे चालले होते आणि तिची पहिली अट लाइनची होती. घरात यावरून दोन पक्ष पडले. वडीलधाऱ्या काकांचे मत फायबरच्या बाजूचे. डोळ्यांना दिसते, हाताला लागते ती वस्तू खरी, अशी त्यांची जुन्या पेढीची श्रद्धा. पुतण्या शिकलेला. तो म्हणाला, “काका, रस्त्याचे काम निघाले की तुमची तार जेसीबीच्या दातात जाणार. मग जोडणारा माणूस तालुक्याहून कधी येईल, ते तुम्हीच सांगा.” काकांचे उत्तर तयार होते. “आणि तुझी डिश वादळात फिरली, तर गच्चीवर कोण चढणार? मी?”

दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणून वाद मिटेना.

फायबरची थोरवी समजण्याजोगी आहे. बाहेरच्या आवरणासह केसाएवढा बारीक काचेचा धागा, त्याच्या गाभ्यातून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावणारा प्रकाश. आज घरोघरी येणाऱ्या पद्धतीत एका धाग्याचे फाटे फोडून सामान्यतः बत्तीस ग्राहकांपर्यंत सेवा नेतात आणि वीस किलोमीटरच्या टापूत मधल्या वाटेवर कोठेही वीज लागत नाही. ग्रामीण भागात हा गुण फार मोलाचा आहे. रस्त्यातल्या दहा गावांची वीज गेली तरी मुख्य केंद्रात आणि दुकानात बॅटरी शाबूत असली की लाइन चालू राहते. काच विजेची वाहक नाही. त्यामुळे वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या तारेतून आत येणारा दणका काचेतून येत नाही. दोष एकच, पण मोठा: तुटली की तुटली. पाइपलाइनचा चर, रस्त्याचे रुंदीकरण, खांबावरून नेलेली असेल तर बांधावर पेटवलेले उसाचे पाचट, आणि उंदीर. नंतर तज्ज्ञाने येऊन उपकरणाने तुटीचे अंतर मोजायचे, दोन टोके वितळवून सांधायची. काम तासाभराचे, वाट पाहणे दिवसाचे.

वायरलेसविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत. लोक सरसकट म्हणतात की पाऊस आला की ते बंद पडते. ग्रामीण पुरवठादार बहुधा वापरतात तो पाच गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा पावसाला फारसा दबत नाही. पावसाचा खरा त्रास दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना होतो. पावसाळ्यात बंद पडते ते टॉवरची वीज गेल्यामुळे, वाऱ्याने डिशचे तोंड किंचित वळल्यामुळे आणि झाडांमुळे. डिशवरून समोरचा टॉवर दिसला की झाले, असेही नाही. पाच किलोमीटरच्या अंतरात मधोमध त्या सरळ रेषेभोवती सुमारे आठ मीटर त्रिज्येचा पोकळ मार्ग बराचसा मोकळा राहावा लागतो. ऊस त्याच्या आड येत नाही; बांधावरची निलगिरी येते, आणि ती दरवर्षी वाढते. शिवाय हा पट्टा परवानामुक्त आहे. आज वाट मोकळी, उद्या शेजारच्या गावात आणखी दोघांनी डिश लावल्या की गर्दी. पाचव्या पिढीच्या मोबाइल टॉवरवरून मिळणाऱ्या जोडणीचेही तसेच. टॉवरची क्षमता साऱ्या परिसरात वाटली जाते, आणि संध्याकाळी गाव चित्रपट पाहू लागले की दुकानाच्या वाट्याला उरलेसुरले येते. पण दोन दिवसांत बसते, खोदाईची परवानगी लागत नाही, नदी आडवी येत नाही, हेही तितकेच खरे.

पुणे जिल्ह्यानेच या दोन्हींचा मोठा खेळ पाहिला आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि परदेशाशी होणारे संभाषण ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्गे होऊ लागले. त्याच तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. परंतु टिपलेला संदेश अँटेनापासून मध्यवर्ती केंद्रापर्यंत आणला जातो तो ऑप्टिकल फायबरनेच. हवेतल्या लहरींचा अभ्यास हेच ज्यांचे काम, त्यांनीही जमिनीवरच्या वाहतुकीसाठी काच निवडली, ही बाब काकांना फार आवडण्यासारखी आहे. उलट, दुर्गम गावांतील बँक शाखा आणि एटीएम केंद्रे कित्येक वर्षे गच्चीवरच्या उपग्रह छत्रीवर चालली. प्रत्येक संदेशाला वर जाऊन खाली यावे लागे, उत्तरास विलंब होई, पण खातेदाराचे पैसे निघत.

वेगाच्या जाहिरातींनी व्यापाऱ्याने दिपून जाऊ नये. खताची एक नोंद किंवा यूपीआयचा एक व्यवहार यांना लागणारी माहिती एखाद्या छायाचित्राहूनही कमी असते. तीनशे एमबीपीएसचा फलक पाहून हुरळण्याचे कारण नाही. दुकानाला लागतो तो सातत्याचा भरवसा, आणि कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर साठवायचे असेल तर वर पाठवण्याचा वेग. हा दुसरा आकडा पत्रकावर बारीक अक्षरांत असतो.

कर्जप्रकरणे हाताळणाऱ्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कर्जदार आणि जामीनदार एकाच चुलीवर जेवणारे असतील, तर जामीन कागदावरच राहतो. एकाचे पीक बुडाले की दुसऱ्याचेही बुडालेले असते. लाइनचे तसेच आहे. पुतण्याने पुढे तडजोड म्हणून दोन कंपन्यांचे फायबर घेण्याचे सुचवले. काका शांतपणे म्हणाले, “दोन्ही तारा येतात कोणत्या वाटेने, ते आधी पाहून ये.” तो मोटारसायकलवर लाइनमनला मागे बसवून निघाला. दोन कंपन्या, दोन बिले, दोन रंगांच्या केबली. आणि चौकापर्यंत दोन्ही त्याच खांबांवरून आलेल्या. एक ट्रक खांबाला धडकला असता, तर दोन्ही जामीनदार एकदम गेले असते. नदीकाठच्या गावात पुलाचेही असेच असते. पलीकडून येणाऱ्या साऱ्या केबली त्या एकाच पुलाचा आधार घेतात.

सरकारलाही हे महागात पडून उमगले. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे तिचे उद्दिष्ट होते. आरंभीच्या बांधणीत तालुक्यापासून गावाकडे जाणारी सरळ तार होती. मधे कोठेही तुटली की पुढची गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारण्यात आली, म्हणजे एका बाजूने खंड पडला तर दुसऱ्या बाजूने वाट राहते.

त्या कुटुंबाने अखेर फायबर मुख्य ठेवले आणि अगदी वेगळ्या दिशेच्या टॉवरवरून, कमी वेगाची व कमी भाड्याची वायरलेस जोडणी राखीव म्हणून घेतली. मुख्य लाइन गेली की आपोआप दुसरीवर जाणारा राउटर बसवला. त्याची परीक्षा काकांनी स्वतः घेतली: ई-पॉस यंत्र चालू असताना फायबरची तार उपसून काढली आणि घड्याळाकडे पाहत बसले. गच्चीवरच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंग दिले, कारण डिशची केबल तांब्याची असते आणि वीज तिला ओळखते. दोन्ही उपकरणे एकाच इन्व्हर्टरवर होती; ती चूक इलेक्ट्रिशियनच्या लक्षात आली, पुतण्याच्या नव्हे. पुरवठादाराशी भाव करताना काकांनी दर महिन्याच्या सवलतीचा आग्रह सोडला आणि दुरुस्ती किती तासांत होईल, न झाल्यास भाड्यातून किती वजावट, हे लेखी मागितले. पुरवठादाराला ही मागणी अनपेक्षित होती. त्याने दोन दिवस घेतले आणि सही केली.

भिंतींना गिलावा होण्यापूर्वी तळापासून गच्चीपर्यंत दोन रिकामे पाइप सोडण्यात आले. एकात फायबर आहे. दुसऱ्याच्या तोंडाला बूच लावले आहे. पतसंस्थेने जागा घेतली, आणि करारात दोन स्वतंत्र वाटांचा उल्लेख तिच्या अधिकाऱ्याने मागून लिहून घेतला. टॉवरच्या दिशेला बांधावर निलगिरीची एक रांग आहे. झाडे दुसऱ्याची आहेत. दर पावसाळ्यानंतर पुतण्या गच्चीवर चढून त्यांची उंची पाहतो.