बोलणारी मरिया

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात व्हॅटिकनने एक टिपण प्रसिद्ध करून मरियेसाठी 'सहउद्धारक', म्हणजे ख्रिस्ताच्या तारणकार्यातील भागीदार, ही पदवी वापरणे उचित नसल्याचे स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मेरठ जिल्ह्यातील सरधना येथे, बेगम समरूने बांधलेल्या कृपामातेच्या चर्चमध्ये, दरवर्षीप्रमाणे यात्रा भरायची होती आणि दिल्ली परिसरातील भाविकांची, ज्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात, तिकडे जाण्याची तयारी चालली होती. या दोन घटना एकाच आठवड्यात वाचनात आल्याने, प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढलेल्या आणि दीर्घकाळ दिल्लीत राहिलेल्या प्रस्तुत लेखिकेच्या मनात एक जुनी तक्रार पुन्हा जागी झाली.

मरियेविषयीचा कॅथलिक-प्रॉटेस्टंट वाद शास्त्रातल्या मोजक्याच वचनांभोवती फिरतो. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे मरिया येशूला सांगते. कॅथलिक परंपरेला येथे मध्यस्थीचा, म्हणजे भक्तांची गरज पुत्रापुढे मांडण्याचा, आधार दिसतो, तर प्रॉटेस्टंट वाचक येशूच्या तुटक उत्तराकडे आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एकाच मध्यस्थाच्या विधानाकडे बोट दाखवतो. वधस्तंभापाशी येशू तिला आणि शिष्याला एकमेकांच्या हवाली करतो, तेव्हा एका बाजूला ती सर्व मंडळीची आई होते आणि दुसऱ्या बाजूला ते एका मुलाने आईच्या निर्वाहाची केलेली सोय ठरते. मार्कने येशूच्या भावांची नावे दिली आहेत. ते सख्खे की नात्यातले, यावर तिच्या अखंड कौमार्याचा सिद्धांत टिकतो किंवा अडखळतो. १८५४ मध्ये मरिया जन्मपापाच्या डागाविना गर्भात आली हा आणि १९५० मध्ये ती सदेह स्वर्गात घेतली गेली हा सिद्धांत पोपने जाहीर केल्यावर, शास्त्रात स्पष्ट न लिहिलेले श्रद्धेचे बंधन कसे होऊ शकते, हा प्रॉटेस्टंटांचा आक्षेप अधिकच तीव्र झाला.

या सगळ्या युक्तिवादांच्या मधोमध लेखिकेच्या आठवणीतले, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील एका मंडळीचे नाताळचे नाटक येऊन उभे राहते. त्यात देवदूत बोलत असे, मेंढपाळ बोलत, मागी लोक बोलत, सराईचा मालकदेखील दार लावताना एक वाक्य बोलून घेत असे. मरिया मात्र पांढरी साडी नेसून, मांडीवर बाहुली घेऊन, मान खाली घालून बसून राही. ही भूमिका लेखिकेच्या वाट्याला वारंवार आली आणि तिला एखादे तरी वाक्य द्यावे, अशी विनंती केल्यावर, मरियेला फार पुढे आणले तर आपल्यात आणि रोमन कॅथलिक लोकांत फरक काय राहील, असे वडीलधाऱ्यांनी समजावले.

वस्तुतः लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया सलग दहा वचने बोलते आणि नव्या करारात कोणत्याही स्त्रीच्या तोंडी याहून दीर्घ भाषण नाही. बलवानांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या, भुकेल्यांना तृप्त करून धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवणाऱ्या देवाचे ते स्तोत्र आहे. धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५२१ मध्ये त्यावर सविस्तर भाष्य लिहिले आणि नगण्य मुलीकडे देवाने पाहिले, हेच त्याला तिचे थोरपण वाटले. तेव्हा तिला गप्प बसवण्याचा वारसा निदान त्याच्याकडून आलेला नाही.

नगर भागातील अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळ्या आणि उत्तर भारतातील अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या. त्यामुळे दिल्लीत राष्ट्रपती भवनाजवळचे कॅथेड्रल ऑफ द रिडेम्प्शन हे लेखिकेला आपल्याच चर्चचे घर म्हणून लाभले. हेन्री मेड या वास्तुविशारदाने ते घडवले आणि गोल डाकखान्याजवळचे कॅथलिकांचे सेक्रेड हार्ट कॅथेड्रलही त्याचेच. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार सायंप्रार्थनेत मरियेचे स्तोत्र म्हटले जाते, म्हणजे ज्या चर्चला व्हाइसरॉयचे चर्च म्हणत, त्याच्या उपासनेतच सिंहासने उलथण्याचे हे शब्द होते.

नाटकातली ती झुकलेली मान सरधन्यातही आठवते. दिल्लीची नर्तकी म्हणून जिची कथा सुरू होते, पतीच्या मृत्यूनंतर जिने त्याची फौज आणि जहागीर सांभाळली आणि १७८१ मध्ये जिने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला, त्या बेगमेला मरिया जवळची वाटली असेल, यात नवल नाही. परंतु मरियेच्या स्तोत्रातला दीन उंचावला गेल्यावर तोही आसनावरच बसतो आणि मग ते स्तोत्र त्यालाही उद्देशून असते, ही गोष्ट कोणत्याही यात्रेत सहसा सांगितली जात नाही.

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडाच्या घरांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशातून आलेल्या आदिवासी ख्रिस्ती आहेत. त्यांच्यातील कुणी रोझरीची माळ जपते, कुणी केवळ बायबल वाचते आणि दोघींनाही रविवारची सुट्टी मागून घ्यावी लागते. गालीलातील एका खेड्यातली मुलगी जे बोलली, ते त्यांच्या जगण्याला जितके भिडते तितके क्वचितच कुणाच्या जगण्याला भिडत असेल. ज्या मंडळीत हे स्तोत्र म्हटले जाते आणि घरकामगाराच्या पगाराविषयी, सुट्टीविषयी मात्र मौन पाळले जाते, ती कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, तिथे मरियेविषयी मतभेद उरलेला नाही. दोघांनीही तिला सारखेच गप्प बसवले आहे.